हौसाला आणायला निघालेली मोटार

श्रीगोंद्याहून खर्ड्याला जाणं आता फार सोपं झालंय. सकाळी चहा घेऊन निघा, कर्जतला थोडं थांबा, जामखेड मागे टाका, जेवायच्या वेळेला खर्ड्यात. उन्हाळ्यात जात असाल तर पाणी भरपूर घ्या आणि किल्ला उन्हं कलल्यावरच बघा. मी पहिल्यांदा गेलो तो मात्र किल्ल्यासाठी नव्हे. सत्तरीचं दशक नुकतं लागलं होतं, पावसाने पाठ फिरवलेलं वर्ष होतं, आणि आम्हाला हौसाला आणायचं होतं.

हौसा म्हणजे माझा मित्र दत्तू, त्याची धाकटी बहीण. खर्ड्याला दिलेली. सातवा महिना सरत आला होता. आधीच्या खेपेला ती एस्टीने माहेरी आली आणि वाटेतल्या धक्क्यांनी पोट पडलं, असं सगळ्यांनी धरलं. तेव्हापासून तिचे सासरे तात्या एकच बोलत, "सून एस्टीत बसायची न्हाई. मोटार आणा आन् न्या." आठव्या महिन्यात लेकीला प्रवासाला काढत नाहीत, ही आमच्याकडची रीत. उद्या अमावस्या, म्हणजे जाणंयेणं बंद. ती सरली की आठवा लागणार. राहिला आजचा दिवस, तोही दिवेलागणीच्या आत, कारण तिन्हीसांजेला तात्या सुनेला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नव्हते.

मोटार दत्तूकडे होती. काळी, गोल पाठीची, आम्हा दोघांपेक्षा वयाने मोठी, एका बऱ्या वर्षीच्या उसावर घेतलेली. मिस्त्रीने तिचं इंजिन पूर्ण उघडून पिस्टन, रिंगा, बेअरिंगं सगळं नवं घातलं होतं. आदल्या संध्याकाळी काम उरकून तो भाच्याच्या लग्नाला मनमाडला गेला. जाताना म्हणाला, "सगळं लावून ठेवलंय. आधी पूजा करा, मंगच चालू करा."

सकाळी पूजा झाली. दत्तूची आई, जिला सगळी आळी बाई म्हणायची, तिने बॉनेटवर स्वस्तिक काढलं. नारळ फुटला. दत्तूने देवाचं नाव घेऊन हँडल मारलं.

मोटार खोकली. कार्बोरेटरमधून फट्कन आवाज आला, धूर निघाला, आणि सगळं शांत.

पुन्हा हँडल. पुन्हा फट्. दत्तूचा सदरा पाठीला चिकटला. मग आळीतल्या माणसांनी ढकलली. मग बैल जुंपले. बैलांनी ती वेशीपर्यंत शांतपणे ओढत नेली, जणू भुशाची गाडीच.

"दत्तोबा, आता बैलंच न्या खर्ड्याला," पारावरून कोणीतरी ओरडलं. "मोटार मागून यील सावकाश!"

"तुमी हसा," दत्तू म्हणाला, "माजी भन तिकडं पदर खोचून बसली आसंल."

हसू थांबलं. बाईने हौसासाठी भरलेली लाडवांची पितळी डबी पदराने पुसली आणि मांडीवर धरून बसली.

आम्ही एकेक बघायला लागलो. पेट्रोल येत होतं. प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली, तर निळी ठिणगी उडाली आणि मी तीन हात मागे उडालो.

"करंट हाय मास्तर," दत्तू म्हणाला.

"मला कळलं," मी म्हणालो.

मी तेव्हा शाळेत मराठी शिकवायचो. इंजिनातलं मला शून्य कळायचं. पण मुलांकडून कविता चालीवर म्हणून घेताना एक अक्षर कमी पडलं तरी कानाला टोचायचं. दत्तू हँडल फिरवत होता आणि मी झाडाखाली उभा राहून ऐकत होतो. धक्, फट्. धक्, फट्. सगळी ओळ बिघडली नव्हती. एकाआड एक ठोका जागेवर पडत होता. लघुगुरू बरोबर, मधलेच शब्द कोणीतरी इकडचे तिकडे केलेले.

"दत्तू, चार सिलिंडरांतले दोन बरोबर बोलतायत. दोघांच्या जागा चुकल्यात."

"जागा कशा चुकतील? ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन. मिस्त्रीनं पाठ करून घेतलंय माज्याकडून."

"वायरी काढल्या होत्यास का?"

"पूजेला काढल्या की! परत्येक प्लगाला कुंकू लावलं आन् व्हत्या तशा लावल्या."

"कुठून कुठे लावल्या?"

दत्तूने बोट हवेत फिरवलं. "ह्या अंगानं. देवाला उजवी प्रदक्षिणा घालतो तशा."

"आत ठिणगी त्याच अंगाने फिरते का, बघू," मी म्हणालो. दत्तूने डिस्ट्रिब्यूटरचं, म्हणजे एकेका वायरीला ठिणगी वाटणाऱ्या भागाचं, टोपण काढलं आणि मी हँडल हळूच फिरवलं. दत्तू आत वाकला. आतला रोटर, ठिणगी वाटत फिरणारा काटा, निवांत डावीकडे निघाला.

"आयला!" दत्तू ओरडला. "हा तर उलटी प्रदक्षिणा घालतोय!"

क्रम बरोबर, दिशा उलटी. एक आणि चार समोरासमोर, म्हणून ते जागेवरच राहिले होते; अदलाबदल झाली होती ती फक्त दोन आणि तीनची. दत्तूने त्या दोन वायरी बदलल्या, हात जोडले आणि हँडल मारलं.

मोटार पहिल्या झटक्यात चालू झाली. आणि काय चालली! चारही ठोके सलग, एका श्वासात म्हटलेल्या ओवीसारखे. बैल बुजून पळाले. पारावरची माणसं उठून उभी राहिली. बाई त्या धुरातच मागच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "आता बंद करू नगंस बाबा. खर्ड्यातबी न्हाई."

ऊन डोक्यावर आलं होतं. कर्जतला फक्त दत्तू उतरला, त्याने चालत्या इंजिनात पाणी ओतलं. पुढे रस्त्यावर दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत होत्या. आम्ही हळू झालो तशी त्यांतली एकजण हातोडी खाली ठेवून म्हणाली, "कुनाला आनाया चाललाय?"

"लेकीला," बाई म्हणाली.

"मंग चाला बिगी बिगी!" आणि त्यांनी आपणहून रस्त्यातली खडी सारून वाट दिली. सीनेचं पात्र कोरडं पडलं होतं, पांढऱ्या वाळूवर बगळेसुद्धा नव्हते. मला ते दृश्य अजून स्वप्नात दिसतं. जामखेडला चहा गाडीतच घेतला, आणि खर्ड्यात शिरलो तेव्हा किल्ल्याच्या बुरुजांवर ऊन तांबूस व्हायला लागलं होतं.

तात्या दारातच होते. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिलं, कान लावून इंजिन ऐकलं.

"थरथरत न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई तात्या."

"आन् बंद का करीत न्हाई?"

"आईचा हुकूम हाय."

तात्या मिशीत हसले. आत वळून म्हणाले, "हौसे, नीघ. दिवा लागायच्या आत शीव वलांड." मग स्वतः गोधडी आणून मागच्या सीटवर चौपदरी अंथरली. आम्हाला शेंगोळी वाढली, ती आम्ही उभ्यानेच खाल्ली. किल्ला मी त्या दिवशी धावत्या काचेतून पाहिला, तेवढाच.

येताना दत्तूने मोटार अशी चालवली की बाईच्या हातातल्या तांब्यातलं पाणी हिंदकळलं नाही. घरी पोचलो तर आळी कंदील घेऊन उभी. भाकरतुकडा ओवाळला, हौसाच्या पायावर पाणी घातलं. दोनेक महिन्यांनी तिला मुलगी झाली, ठणठणीत, आवाजाने घर डोक्यावर घेणारी.

त्यानंतर पुष्कळ फिरलो. मोठमोठे घाट पाहिले, समुद्र पाहिला, खर्ड्याचा किल्लाही सावकाश पाहिला. पण प्रवास म्हटलं की मला आठवते ती दत्तूच्या दारातली एक घटका. दत्तूने अखेर इंजिन बंद केलं होतं. त्या अचानक पडलेल्या शांततेत हौसा उंबरा ओलांडून आत गेली आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "आये, लई भूक लागलीय गं."