काकूंची वाटी

मावसभावाला गांजा मी शिकवला. हे एक वाक्य मी तेव्हा कोणाजवळ बोललो असतो, तर पुढचं काही लिहायची वेळ आली नसती. पण तोंड उघडायला हवं तेव्हा माझी दातखीळ बसते, आणि नको तिथे मी भाषणं ठोकतो.

मी कॉलेजसाठी गावाहून आलो आणि घाटकोपरला मावशीच्या चाळीतल्या खोलीत राहू लागलो. तिचे यजमान गिरणी कामगार, संपानंतर वॉचमन झाले होते. मावसभाऊ सतराचा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आणि माझ्यामागे शेपटासारखा. चाळीमागच्या टेकडीवर आम्ही चौघं मित्र संध्याकाळी बसायचो. एका शनिवारी तोही आला आणि मी ऐटीत माझी गांजा भरलेली सिगारेट त्याच्यापुढे धरली. त्याला खोकल्याची उबळ आली, आम्ही पोट धरून हसलो. "काही होत नाही रे," मी म्हटलं, "झाडपाला आहे नुसता."

मला खरंच काही झालं नाही. परीक्षा आली, मी सोडलं, विसरूनही गेलो. त्याने मात्र सोडलं नाही. वर्षभरात तो रोज ओढू लागला, आणि पुडी कुठल्या टपरीमागे घेतो हेही मला ठाऊक होतं. मग एक दिवस त्याने रेडिओ बंद केला, कारण बातम्यांत त्याच्याबद्दल बोलतात म्हणे. स्विचबोर्डच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले. अंघोळ सोडली, कॉलेज सोडलं, आणि भिंतीकडे तोंड करून कोणाला तरी उत्तरं देऊ लागला.

इस्पितळात डॉक्टरांनी दोन गोष्टी विचारल्या. घराण्यात पूर्वी कोणाला असा त्रास होता का? मावशी नाही म्हणाली. तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझाच मामा, तरुणपणी असाच एकटा बडबडत घरातून निघून गेला होता. मुलींची लग्नं अडतील म्हणून त्याचा विषयच घरात बंद होता. मग डॉक्टरांनी विचारलं, मुलगा काही ओढतो का? मावशीने माझ्याकडे पाहिलं.

"सुपारीसुद्धा खात नाही," मी म्हणालो.

मावसभाऊ शेजारीच बाकावर बसून पायातल्या चपलांकडे बघत होता. त्याने मला उघडं पाडलं नाही. त्या अवस्थेतही त्याने माझी लाज राखली, आणि मी सुटलो म्हणून खूश झालो होतो.

गोळ्यांनी महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. गोळ्या चालू आणि पुडीही चालू, हे मी सोडून कोणालाच माहीत नव्हतं. मावशीने डॉक्टरांचा नाद सोडला आणि आम्हा दोघांना घेऊन गावी कौल लावायला गेली. गुरवाने देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हे बाहेरचं आहे का? उजवी. कोणी दिलंय का? उजवी पडली. मग मावशीनेच पुढचा प्रश्न घातला, खाण्यातून दिलं का? पुन्हा उजवी. देव विचाराल तेवढंच सांगतो. तिसरा प्रश्न मला बदलता आला असता. मी हात जोडून उभा राहिलो.

शेजारच्या काकूंवर बालंट आलं ते असं. त्यांचे यजमान माहुलच्या रिफायनरीत, मूलबाळ नाही. मावसभावाला शेवयांची खीर आवडते म्हणून दर सणाला त्या वाटी पाठवायच्या. गावाहून आल्यावर मावशीने त्यांची शेवटची वाटी कोनाड्यात पालथी घातली आणि बोलणं तोडलं. चाळीतल्या बायकाही त्यांच्या हातचं घेईनात. हळदीकुंकवालाही त्यांना कोणी बोलवेना.

आणि मुलाला जेवण कोणी द्यायचं? तो आईच्या हातचंही घेईना. मावशीने ताट माझ्या हातात दिलं. "तूच घाल तेका. तुज्याशिवाय माका कोणाचो भरवसो नाय," ती म्हणाली. मी त्याला रोज दोन वेळा भरवत होतो. 

पुढच्या झटक्यात तो गॅलरीच्या कठड्यावर चढला. लोकांनी धरला म्हणून वाचला, आणि पुन्हा इस्पितळात न्यावा लागला. तेव्हा कुठे मी एकटा डॉक्टरांकडे जाऊन सगळं ओकलो, गांजाही आणि मामाही. ते चिडले नाहीत. एकट्या गांजानेच झालं असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, असं म्हणाले. पण घरात हा आजार असलेल्या पोराने तो ओढणं म्हणजे धोका कितीतरी वाढवणं, आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं तर आधी ते तोडलं असतं. यातलं फक्त पहिलं वाक्य मी कैक वर्षं उराशी धरून बसलो. मावशीला डॉक्टरांनी नुसतं "सिगारेट बंद" एवढंच सांगितलं, कारण तशी गयावया मी केली होती.

पुढच्या वर्षी काकूंना चारकोपला घर मिळालं. टेम्पो खाली उभा होता, मावशी देवळात गेली होती. काकू आमच्या दाराबाहेरच थांबल्या. आत मावसभाऊ गोळ्यांच्या गुंगीत पडलेला.

"माझी वाटी तेवढी दे," त्या म्हणाल्या.

रिकामी वाटी परत करत नाहीत, म्हणून मी तीत चिमूटभर साखर घातली.

"त्यात खीरच होती रे," त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे, काकू."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला ते कसं माहीत, हे त्यांना कळायला फार वेळ लागला नाही. वाटीतली साखर आमच्या उंबऱ्यावर ओतली, पदराने वाटी पुसली आणि जिना उतरून गेल्या. मावशी यायच्या आत मी ती साखर झाडून टाकली.