यादीत नाही, म्हणजे इथे नाही

त्या उन्हाळ्यात आजीने शाळेत विस्थापितांना कसं सांभाळलं, हे तुमची आई तुम्हाला कौतुकाने सांगते. त्यातली एक गोष्ट मी तिलाही कधी नीट सांगितलेली नाही. ती तुम्हा दोघा नातवंडांसाठी लिहून ठेवते.

शेजारच्या एका खेड्यात मोबाईलवरच्या कुठल्याशा मजकुरावरून भांडण पेटलं. दगडफेक झाली, दोन घरं जळली, आणि तिथली मुसलमान कुटुंबं नेसत्या कपड्यांनिशी निघाली. कोणी उसातून चालत आलं, कोणी टेम्पोत बसून. शाळेला सुट्टी होती. मी निवृत्त मुख्याध्यापिका आणि शाळेच्या कमिटीवर, म्हणून किल्ल्या माझ्याकडे होत्या. तहसील कचेरीतून फोन आला, आणि तासाभरात मी वर्ग उघडून सतरंज्या टाकून घेतल्या. बायका-मुलं वरच्या मजल्यावर, पुरुष खाली. पाण्याचा टँकर सकाळी. खिचडी दोनदा. व्हरांड्यात टेबल मांडून मी स्वतः नोंदवही घेऊन बसले.

नोंदवहीवर माझा फार विश्वास. पानं मी इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे पाडली होती, कुटुंबप्रमुखाच्या नावाने. टेबलाशी एका वेळी एकच माणूस, बाकीच्यांनी रांगेत, हा नियम.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तिशीतली बाई आली. कडेवर मुलगी. नवरा धावपळीत मागे राहिला होता. घराला कुलूप घालून येतो म्हणाला, तो आलाच नव्हता. घरातला एकच मोबाईल त्याच्याजवळ, तोही लागत नव्हता. तिने स्वतःचं नाव सांगितलं, मुलीचं सांगितलं. मी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"अहो, नाव सांगा. लिहायचं आहे."

"हिचे अब्बा," ती मुलीकडे बघत म्हणाली.

मागून तिची शेजारीण ओरडली, "आगं घे की नाव! त्यो काय हितं ऐकाया बसलाय व्हय?" रांग हसली. तीही पदर तोंडावर घेऊन हसली, दोन दिवसांत पहिल्यांदाच हसली असावी. शेजारीण पुढे सरकली. "बाई, मी सांगते तिच्या मालकाचं नाव, लिवा—"

"तुमचा नंबर आल्यावर बोला," मी म्हणाले. "मागे व्हा."

आपल्याकडे हे असंच चालतं. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, शेजारची घेते, आणि काम होतं. हिंदू असो, मुसलमान असो, खेड्यातल्या जुन्या वळणाच्या घरात हीच रीत. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तुमच्या आजोबांना नावाने हाक मारणारी. संकटातही ही लाज धरतात, याचा मला राग आला. थोडा अभिमानही, स्वतःचा. मी नवऱ्याचा रकाना मोकळा सोडला आणि तिला शेवटच्या पानावर टाकलं. तिथे अशाच आणखी दोघी होत्या.

त्याच दिवशी दुपारी तो आला. गवंडी होता, हातांच्या भेगांत सिमेंट बसलेलं. फाटकाशी बंदोबस्ताच्या पोलिसाने त्याला माझ्याकडे पाठवलं.

"बाई, आमच्या घरातली हाय का हितं? संगं बारकी पोरगी हाय."

"तुमचं नाव?"

त्याने सांगितलं. मी त्या अक्षराचं पान काढलं. बोट खाली नेत दोनदा वाचलं. नव्हतं.

"नीट बघा की बाई. माज्याच नावावर असंल."

"नीटच पाहिलं. यादीत नाही, म्हणजे इथे नाही."

तिचं नाव मी विचारलं नाही. त्यानेही आपणहून सांगितलं नाही. चार परक्या माणसांपुढे बायकोचं नाव कोण घेतो? तो थोडा वेळ जिन्याकडे बघत उभा राहिला. वर पोरं गलका करत होती. पुरुषांना वर जायला बंदी होती, बंदी माझीच. "मग शेतातच ऱ्हायली असंल," असं काहीतरी पुटपुटत तो गेला. मी पुढच्या माणसाला बोलावलं.

शेवटचं पान उलटायला किती वेळ लागला असता?

बायकोला शोधायला तो गावाकडे परत गेला. वेशीबाहेरच त्याला गाठून बेदम मारलं. हे आम्हाला त्यानंतर चौथ्या दिवशी कळलं, तिच्या शेवगावच्या भावाकडून. तोवर तो नगरच्या दवाखान्यात होता. तीन दिवस ती रोज सकाळी मला विचारत होती, "आलं का कुणी, बाई?" आणि मी रोज सांगत होते, "आलं की कळवू."

तिला मीच गाडीने नगरला नेलं. वाटेत सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्या वरच हुते."

खाटेशी मी त्याची माफी मागितली. खांद्याला प्लास्टर, एक डोळा मिटलेला. तो म्हणाला, "तुमी कागुद बघितला, बाई. म्या हाक मारायला पायजे हुती." त्याने दोष स्वतःवर घेतला, आणि मी त्याला नाही म्हणायला हवं होतं, पण तेवढ्यात नर्स आली. मी ते तेव्हा बोलले नाही. नंतरही नाही.

ते गावाला परत गेले नाहीत. शेवगावात भावाच्या मागच्या खोलीत राहतात. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणजे भिंत खांद्याएवढी झाली की त्याचं काम संपलं. ती कापूस वेचायला जाते. मी वर्षातून दोन-तीनदा जाते. ती चहा करते, मुलीची वही दाखवते, "अक्षर बघा बाई" म्हणते. तो माझ्याकडे बघून मान हलवतो, चपला घालतो आणि मी निघेपर्यंत बाहेर उन्हात उभा राहतो.