माहेरचा वांदा

निजामाच्या राज्यात औरंगाबादेत, शहागंजाच्या मागं माझं सासर. नवी नवरी म्हणून पिशोरहून आले ती बैलांच्या दमणीत मांडीवर आंब्याची वाळकी फांदी घेऊन. फांदीवर वांदा होता; जाड पट्ट्यासारख्या पानांचा, हवेत मुळं सोडलेला. आमच्या बांधावर त्याला फुलं यायची, पिवळट, तपकिरी जाळीची, मधे जांभळी जीभ.

सासूबाईंनी फांदी न्याहाळली. "लोकांच्या सुना लाडू आणतात. हिनं वांदा आणला. घरात वांदे काय कमी हायेत?" मग म्हणाल्या, "पावसाच्या आत फूल आलं तर ठेव. नाय तर चुलीत."

माहेर म्हणून माझ्याजवळ तेवढंच होतं. मी तो फांदीवरून ओरबाडून काढला आणि कुंडीत काळी माती, शेणखत घालून गळ्यापर्यंत पुरला. जीव काही थाऱ्यावर नाही. भाकरी तव्यावर टाकली की पळाले अंगणात, परत चुलीशी, परत अंगणात. मुळांनी माती धरली का, हे बघायला रोज उपटून बघायची. अशी हुशार. वांदा पिवळा पडला आणि घरादारानं करपलेल्या भाकरी खाल्ल्या.

शेजारच्या खाला भिंतीवरून डोकावल्या. "अगे, जिंदा झाड को दफन कायकू करी?"

"बांडगूळ ते," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं रक्त पितंय."

"नै आपा, ये हवा पे जीता. निकाल उसको."

सडकी मुळं कापून मी तो सुंभानं विहिरीच्या खांबाला बांधला. सकाळचं ऊन लागायचं, पोहऱ्याचे शिंतोडे उडायचे. पांढुरकी मुळं भिजली की हिरवी व्हायची, म्हणून मी उगाचच पाणी शेंदत राहायची.

उन्हाळ्यात भाऊ न्यायला आला. महिनाभर ज्या माहेरासाठी रडले, तिथं पोचताच परत जाण्यासाठी भुणभुण सुरू केली. वडील म्हणाले, "हिला वाटंतच ठेवायला पायजे होतं."

आभाळ भरून आलं तशी परतले. खांब मोकळा. चपलाही न काढता चुलीशी गेले आणि राख उकरत बसले.

"राखंत काय शोधतीस?" मागून सासूबाई. "आता तिथं पेरलास व्हय?"

वळून बघितलं. वांदा त्यांच्या खिडकीत टांगलेला होता, आणि त्यांच्या अंबाड्यात फुलाची जांभळी जीभ.