कारभाऱ्याची सही

आमच्या चर्चमागच्या गल्लीत त्याला सगळे कारभारी म्हणत आणि त्याला वाटे, मानानं म्हणतात. खिशाला दोन पेनं, काखेत प्लास्टिकची फाइल आणि तोंडात कायम "माझ्यावर सोडा." सोडलं की काम बिघडलंच म्हणून समजा. एकाचा नळ दुरुस्त करायला गेला, तो खालच्या बिऱ्हाडाचं छत भिजवून आला. तरी कुठलाही कागद दिसला की साक्षीदार म्हणून सही ठोकायला हाच पुढे. नावाखाली दोन रेघा, रेघांखाली दोन ठिपके. मी तीस वर्षं वकीलबाईंच्या ऑफिसात टायपिंग करते. इतकी दिमाखदार आणि इतकी बिनकामाची सही मी दुसरी पाहिली नाही.

त्याची मावशी शिवणकाम करायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. चाळीस वर्षं मशीन चालवून तिनं रस्त्याकडेचं दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. ब्याऐंशीव्या वर्षी तिचे गुडघे गेले, पण डोकं शाबूत होतं. आंघोळ घालायला आणि दोन घास रांधायला एक बाई दुपारी यायची. तिला सगळे दुपारची बाईच म्हणत.

मावशीला वृद्धाश्रमात धाडायचं आणि घराचं बक्षीसपत्र आत्ताच आपल्या नावानं करून घ्यायचं, असा कारभाऱ्याचा बेत. तिला घेऊन तो आमच्याकडे आला. वकीलबाईंची रीत अशी, की म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं ते नातेवाइकांना बाहेर बसवून. त्याला बाकावर बसवलं. मी टिपणं घ्यायला आत होते.

"घर त्यालाच जाईल हो, मला दुसरं आहे कोण?" मावशी म्हणाली. "पण मरेन ती माझ्या खिडकीपाशी. वृद्धाश्रमात नाही."

"मग बक्षीसपत्र नको, आजी," वकीलबाई म्हणाल्या. "ते केलं की घर आजच त्याचं होईल. मृत्युपत्र करा. ते तुमच्या माघारी लागू होतं आणि तुम्ही आहात तोवर हवं तेव्हा बदलता येतं."

आत बोलावून हे सांगितल्यावर कारभाऱ्यानं नाइलाजानं मान डोलावली. फीचा आकडा ऐकल्यावर मात्र त्याचं तोंड वाकडं झालं. "चार ओळी खरडायला एवढे? मीच करतो की!" चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, त्यातला तो.

कुणाचं तरी जुनं मृत्युपत्र मिळवून त्यानं उतरवून काढलं. घर स्वतःला लिहिलं. नमुन्यात पुढे 'याखेरीज उरलेली सर्व मिळकत' अशी ओळ होती. उरणार काय, तर ते मशीन, चार भांडी आणि चिंध्यांचं गाठोडं. "त्या दुपारच्या बाईचं नाव घाल," मावशी म्हणाली, आणि यानं मोठ्या दिलदारपणे घातलं. मग दोन साक्षीदार हवे होते. शेजाऱ्यांना कशाला कळू द्यायचं, म्हणून साक्षीदार हा स्वतः आणि याची बायको. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

पंधरवड्यानं मावशी त्या मृत्युपत्राचं पाकीट आमच्याकडे ठेवायला आली. दुपारच्या बाईला तिनं बाहेर बसवलं. वकीलबाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"आजी, आपल्या ख्रिस्ती लोकांच्या कायद्यात साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. घर त्याला जाणार नाही. ते 'उरलेल्या मिळकती'त जाईल, म्हणजे तुमच्या बाईला. आजच नवीन करू. फी राहू दे."

मावशीनं तो कागद उचलून त्या सहीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "शाई वाळायच्या आत त्यानं मशीनला गिऱ्हाईक बघितलं. म्हणतो, वृद्धाश्रमात जागा सांगून ठेवलीय, पुढच्या महिन्यात जायचं. कडेवर घेऊन वाढवलाय हो मी त्याला." डोळे पुसून तिनं पाकीट वकीलबाईंकडे सरकवलं. "राहू दे आहे तसंच."

"हे तुमच्या मनानं? कुणी सांगितलं म्हणून नाही ना?"

"माझ्याच मनानं. तुम्ही फक्त त्याला एक पत्र पाठवा. म्हणावं, घर अजून माझं आहे आणि कागद मी कधीही बदलू शकते."

पत्र मीच टाइप केलं, आणि एवढ्या आनंदानं मी आयुष्यात काही टाइप केलं नव्हतं. कारभारी दुसऱ्या दिवसापासून लोण्यासारखा मऊ झाला. दर रविवारी फळं आणायचा, मशीनवरची धूळ पुसायचा आणि वृद्धाश्रमाचं नाव काढायचा नाही. मावशी दोन वर्षं जगली. गेली तीही खिडकीपाशीच, खुर्चीत बसल्या बसल्या.

आठवड्याच्या आत तो फाइल घेऊन हजर. वकीलबाईंनी सगळं समजावून सांगितलं. आधी तो हसला. मग कागदावर बोट आपटून ओरडला, "अहो, पण ही माझी सही आहे!"

"हो. तीच तर अडचण आहे."

"मावशीला कुणी सांगितलं का नाही? तिला कळलं असतं तर तिनं त्याच दिवशी बदललं असतं!"

"त्यांना सांगितलं होतं," वकीलबाई म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी. याच खुर्चीत बसल्या होत्या."

तो उठून उभा राहिला आणि खुर्चीकडे बघत राहिला. त्याची दया यावी असं मला वाटत होतं, पण आली नाही. मृत्युपत्राची नक्कल मिळाल्याची पोच हवी होती, म्हणून मी कागद पुढे केला आणि बोट ठेवून जागा दाखवली. खिशाला दोन पेनं होती. त्याचा हात काही वर येईना.