इस्त्रीचा रुमाल

दर रविवारी मिसळीला माझ्या टेबलावर एक निवृत्त हेडक्लार्क येऊन बसतात. गंगापूर रोडवरच्या त्या हॉटेलात आता डोळे मिचकावणारा रोबो पाव घेऊन येतो. तो दिसला की हे अर्धवट उठतात, "ये बाळा, दमलास?" म्हणत त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. एवढी माया त्यांनी नोकरीत एखाद्या अर्जदाराला दाखवल्याचं ऐकिवात नाही. रस्सा वाढणाऱ्या मावशींना तर ते नुसती रिकामी वाटी दाखवतात.

परवा रोबोला कुरवाळायला ते वाटेतच उभे राहिले. मागून येणाऱ्या मावशी त्यांना धडकल्या. कढत रस्सा मावशींच्या मनगटावर सांडला, थोडा रोबोच्या स्क्रीनवर उडाला. रोबोनं रडका चेहरा केला. साहेबांनी लगेच इस्त्रीचा रुमाल काढला आणि तो चेहरा पुसू लागले.

"भाजलं का रे?"

"त्याला नाय भाजत, साहेब," मनगट धरून मावशी म्हणाल्या. "सरका, नळाकडं जाऊ द्या."

ते पुसतच राहिले. मी त्यांना चांगलं सुनावणार होतो. पण माझ्या हातात थंड पाण्याची बाटली होती, आणि ती मी त्यांचा रुमाल भिजवायला पुढे केली होती.