हैसियतीचा रकाना

त्या म्हातारीचे ते दोन दिवस मी अजून विसरलेलो नाही. एकोणीसशे पन्नासचं दशक होतं. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका ठाण्याचा मी फौजदार होतो, शिपायापासून चढत आलेला. आमचे साहेब थेट भरतीचे. माझ्या गोपनीय अहवालात त्यांनी 'अल्पशिक्षित, बाजारी वृत्तीचा' असा शेरा मारला होता. तो मला सलत असे.

एका जंगल-रक्षकाची सरकारी बंदूक गेली. आठवडी बाजारातल्या मीठवाल्याने खबर दिली आणि आम्ही जवळच्या गावातला एक तरुण धरून आणला. दिवसभर विचारपूस केली, आवाजही चढवला. शेवटी तो बोलला. रक्षक मोहाच्या झाडाखाली झोपला असताना त्याने बंदूक उचलली होती आणि मग घाबरून दूरच्या गावी मामाकडे दडवली होती.

"पोलीस दिसले तं मामा ते नदीत फेकन. मले एकट्याले जाऊ द्या. परवा येतो."

जामिनावर सोडण्याचा अधिकार माझा होता, पण तो पळाला असता तर नोकरीही माझीच गेली असती. जामीनदार वजनदार हवा, म्हणून भातगिरणीच्या मालकाला बोलावलं. खूप घासाघीस केली, भडकलोही. तो सही करीना.

तेवढ्यात त्या तरुणाच्या गावची म्हातारी सुईण ठाण्याच्या ओट्याशी आली. "मी राह्यतो त्याले जामीन."

"तुझ्याजवळ आहे काय, बाई?" मी खेकसलो.

"काऊन? मी हावो ना. याले मीच काढलो. आन् तुमच्या या शिपायाले बी. पायाळू होता, तवापासून उलटाच चालते."

शिपाई लाजला, पण हळूच म्हणाला, "साहेब, हिचा शब्द इथी कोन्ही मोडत नाई."

दुसरा उपाय नव्हता. तिचा अंगठा घेतला. हैसियतीचा, म्हणजे जामीनदाराच्या मालमत्तेचा, रकाना कोरा ठेवला. तरुण गेला आणि म्हातारी ठाण्यासमोर चिंचेखाली बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदाराची बायको धावत आली. "भाऊ, बाईनं कालपासून काईच खाल्लं नाई."

मी चिंचेखाली गेलो. "जेव आणि घरी जा. कागद झालाय."

"कागद तुमचा हाय. पोरगा घरी आल्याबिगर माय जेवते का?"

मी रागावलो, विनवलं, अर्धी भाकर तरी खा म्हणून सौदाही केला. ती घोटभर पाणी प्यायली, बस्स. आता बंदुकीची काळजी मागे पडली. म्हातारी ठाण्याच्या दारात मेली तर? मी सारखा पायवाटेकडे बघत होतो.

तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर तो आला. घोंगडीत बंदूक होती. माझ्याकडे न येता तो आधी चिंचेखाली गेला. म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आला का? आन मंग पेज."

मला आयुष्यभर चीड कसली, तर लोक माणसाला त्याच्याजवळ काय आहे यावरून जोखतात याची. आणि त्या ओट्यावर मी तेच केलं होतं. शरमेनं मी जामीनपत्र पुन्हा काढलं आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं, 'आरोपी परत येईपर्यंत दोन दिवस उपाशी राहिली.'

साहेबांनी खाली लाल शाईने विचारलं, 'ही हैसियत कशी?' खुलासा मागितला. मी दिला नाही. त्या वर्षीची माझी बढती हुकली. त्यानंतर अनेक शेऱ्यांविरुद्ध मी अर्ज केले, भांडलो. लाल शाईतल्या त्या एका शेऱ्याविरुद्ध कधी केला नाही.