सहा हजर, सातवा दारात

लिओता ह्रुस्का नियमाबाहेर शिंकतसुद्धा नाही, असं आमच्या गावात म्हणतात, आणि त्यात फारसं खोटं नाही. बाईचं वय एक्क्याऐंशी. तिनं आणि मी मिळून उभी हयात संडासाची भांडी बनवण्यात घालवली. ओहायोतल्या या गावात दुसरा धंदाच नव्हता. मी भट्टीवर, ती तपासणीत. भांड्यावर टिचकी मारायची, कान देऊन आवाज ऐकायची आणि "फोडा!" म्हणायची. भट्टीवर आम्ही तिच्या नावानं बोटं मोडायचो, पण तिनं पास केलेलं भांडं कधी परत आलं नाही.

कारखाना बंद पडला, तशी आमची युनियन निवृत्तांची झाली. अध्यक्ष पहिल्यापासून लिओताच. चिटणीसही तीच, कारण दुसऱ्या कुणाचं अक्षर तिला पसंत नाही. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला हॉलवर सभा. ती लाकडी हातोडा आपटणार, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचणार, मग कॉफी आणि डोनट. डोनट कुणी आणायचे यावरसुद्धा ठराव, अनुमोदन, मतदान. सभेत नुसत्या नावानं हाक मारायची नाही. बंधू किंवा भगिनी म्हणायचं. सख्ख्या नवऱ्यालाही ती तिथं "बंधू वर्लिन" म्हणते.

"घरी काय म्हणते रे तुला?" मी एकदा विचारलं.

"घरी मला बोलायची परवानगीच नसते," वर्लिन म्हणाला.

हसा, हसा. पण या सभेवर आमचा जीव टांगलेला आहे. युनियनच्या घटनेत आधीपासूनच होतं, की सातांपेक्षा कमी सभासद हजर असतील तर कुठलाही ठराव रद्द. १९८६ चा संप मिटला, तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून तोच आकडा करारात गेला. युनियनची सभा दरमहा सात जणांनिशी भरत राहील, तोवर निवृत्तांच्या दवाखान्याचा जो खर्च सरकारी विमा भागवत नाही, तो सगळा कंपनी देईल. तेव्हा आम्ही तीनशे जण होतो. सात म्हणजे आम्हाला चेष्टा वाटली होती.

यंदा जानेवारीत वेंडेल गेला आणि आम्ही सहा उरलो. लिओता, वर्लिन, मी, ओपल आणि आर्लीन या जुळ्या बहिणी, आणि ठार बहिरा ऑरिन, जो प्रत्येक ठरावाला अनुमोदन देतो. वर्लिनच्या छातीत भांड्यांची धूळ बसली आहे. नाकात नळी, पायाशी प्राणवायूचं यंत्र, आणि औषधाचा एक फवारा असा, की किंमत ऐकूनच माणसाला धाप लागावी. त्याचा श्वास त्या करारावर चालतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आणि फेब्रुवारीच्या सभेला कंपनीचा वकील स्वतः डोकी मोजायला येणार, असं पत्र आलं.

सातवा माणूस नव्हता असं नाही. लिओताच्या घरासमोरच राहत होता, एमेट सोवर्ड्स. पण संप चालू असताना तो फितूर होऊन कामावर गेला होता, आणि संप मिटल्यावर लिओतानंच ठराव मांडून त्याला युनियनमधून हाकललं होतं. तेव्हापासून अडतीस वर्षं दोघांत बोलाचाल नाही. रस्त्यावरचा बर्फ लोटताना ती बरोबर मध्यावर थांबायची, तोही मध्यावर थांबायचा, आणि मधली वीतभर भिंत मार्चपर्यंत तशीच उभी असायची.

"त्याला परत घेऊ या की," मी लिओताला म्हणालो.

"कसं घेणार, क्लाइड? त्याला ठराव लागतो. ठरावाला सात लागतात. आपण सहा."

"मग आता?"

"आता काय! नियम तो नियम," ती म्हणाली आणि इतिवृत्ताच्या जुन्या वह्या काढून बसली.

मी तसाच उठून एमेटकडे गेलो.

"मंगळवारी हॉलवर ये बाबा."

"का? मला काढताना तूही हात वर केला होतास ना रे?"

"केला होता. गाढव होतो."

"तिनं पाठवलंय तुला?"

"तिला कळलं ना, तर मला टिचकी मारून फोडायला सांगेल!"

एमेट हसला नाही. समोरच्या खिडकीत वर्लिन नळी लावून बसला होता, त्याच्याकडे बघत राहिला. "नॅडीनचंही असंच यंत्र होतं," तो म्हणाला.

नॅडीन त्याची बायको. संप सुरू झाला तशी कंपनीनं सगळ्यांचा विमा तोडला, आणि नेमकं तेव्हाच तिचं दुखणं उपटलं. विमा परत मिळावा म्हणून हा कामावर गेला. हे त्यानं भर सभेत सांगितलं होतं. लिओतानं हातोडा आपटून "बायका सगळ्यांनाच आहेत" असं सुनावलं, आणि आम्ही टाळ्या पिटल्या. नॅडीन पुढच्या वर्षी गेली. मला अजून लाज वाटते त्या टाळ्यांची.

मंगळवारी दहाच्या ठोक्याला वकील उभा राहिला आणि बोट नाचवत आम्हाला मोजायला लागला. "सहा."

"यंत्र धरून सात," मी म्हणालो.

"यंत्र सभासद नाही," वकील म्हणाला. त्या मेल्याला विनोदही कळत नव्हता.

तेवढ्यात दार वाजलं. एमेट. टोपी हातात, एक पाय आत, एक बाहेर. "मी आत येणार नाही," तो म्हणाला. "मला इथून काढलेलं आहे."

"काढलंय ना? मग सहाच," वकिलाचा चेहरा खुलला.

लिओता उठली. तिनं एक जुनी वही उघडली. "सभेपुढे इतिवृत्तातली एक दुरुस्ती ठेवते." आम्ही ताठ झालो, या बाईनं आजवर स्वल्पविरामसुद्धा दुरुस्त केला नव्हता. "चौदा जुलै एकोणीसशे शहाऐंशी. एमेट सोवर्ड्स यांच्या हकालपट्टीचा ठराव. हजर सभासद..." ती थांबली. वर्लिनकडे बघितलं. "हजर सभासद सहा. म्हणजे ठराव तेव्हाच रद्द. ते सभासद होते आणि आहेत. नोंदीत माझी चूक झाली." आणि खोटं बोलायची सवय नसल्यामुळे पुढे म्हणाली, "बर्फ फार पडला होता. लोक येऊ शकले नाहीत."

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, हजर दोनशे अकरा. आणि मला तो दिवस पक्का आठवतो. सगळे पंखे लावूनही सदरे पाठीला चिकटले होते.

"बर्फ? जुलैत?" वकिलानं हात पुढे केला. "जरा बघू ती वही."

लिओताचे कान लालबुंद झाले. गेलं सगळं, असंच मला वाटलं.

"हरकत आहे, अध्यक्षबाई!" एमेटचा दुसरा पायही आत आला होता. "बाहेरच्या माणसाला सभेत बोलायची परवानगी नाही. आणि सभासदांखेरीज कुणालाही वही दाखवू नये, असा मी ठराव मांडतो."

"अनुमोदन!" ऑरिन ओरडला. त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

सात हात वर झाले. वर्लिनचा नळीसकट.

"पण जुलैमध्ये..."

"होता बर्फ," एमेट म्हणाला. "मी होतो ना तिथं. गुडघाभर."

वकिलानं पुन्हा मोजलं, सात लिहिलं आणि कॉफीही न घेता चालता झाला. महिनाभर तरी वर्लिनच्या श्वासाची सोय झाली.

लिओता हातोडा धरून तशीच उभी होती. "बंधू एमेट," ती म्हणाली. "नॅडीनच्या वेळी मी..."

"तो विषय आजच्या सभेत नाही, अध्यक्षबाई," एमेट म्हणाला आणि वर्लिनशेजारच्या खुर्चीत बसला.

"मग पुढच्या सभेत घेते." तिनं खाली मान घालून लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं, "मार्च, विषय पहिला. भगिनी नॅडीन सोवर्ड्स यांच्या निधनाबद्दल दुखवटा."

नॅडीन कधीच सभासद नव्हती. नियमानं तिला भगिनी म्हणता येत नाही, आणि हे लिओताइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणीही हरकत घेतली नाही.